सुपडूभाऊंचा बिनपाण्याचा बाग

नाना, तुम्ही गेल्याचं कळलं आणि परवा धुळ्याला तुमच्या दारावर, घरच्यांना भेटायला आले होते आणि हसले. ओठ आवळून नाही, पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत. आधी हे कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी होईन.

दोष माझा नाही, सुपडूभाऊंचा आहे. दारावर जाताना आपल्याकडे कोणी हातात काही नेत नाही, हे त्यांना काय ठाऊक नाही? सत्तरीचा माणूस. बायका आत बसल्या होत्या, पुरुष बाहेर सतरंजीवर, सगळे खाली बघत होते. एवढ्यात फाटकातून सुपडूभाऊ आले. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला केळीचा अख्खा घड. चोपड्याहून एसटीनं आणलेला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. ते बिचारे तिथंच थबकले आणि म्हणाले, "नानांनीच सांगितलं व्हतं मले, घड तयार झाला का घिऊन या. आता तो आज तयार झाला, त्याले मी काय करू?"

तुमच्या फोटोपाशी बसलेल्या काकू दाराशी आल्या, डोळे पुसले, घडाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "भाऊ, कंडक्टरनी येनं तिकीट फाडं का नही?"

"अर्धं फाडलं," सुपडूभाऊ म्हणाले.

मग आधी काकूच हसल्या, नाना. त्यांच्यामागे सून, मग आम्ही सगळ्या. तुमच्या घरात इतकं हसू तुम्ही असतानाही मी ऐकलं नव्हतं, कारण तुम्ही असताना तुमचाच आवाज ऐकू यायचा. तुमच्या धाकट्या भावांनी नंतर मला विचारलं, "ताई, तुम्ही आमच्या नात्यात कोण?" मी म्हटलं, "मी धरणाची." त्यांनी मान डोलावली, जणू तसंही एक नातं असतं.

आहेच ते. सात वर्षांचं आहे. आमच्या सातपुड्याखालच्या गावाला पाणी देणारं धरण नगरपालिकेच्या मालकीचं, मातीच्या पाळीचं, आमच्या आजोबांच्या वेळचं. मी तिथली पाणीपुरवठा अभियंता. पाळीच्या आतल्या बाजूचे दगड ढासळले होते आणि पाणी सोडायच्या मोरीचा व्हॉल्व्ह अडकला होता, म्हणून नगरपालिकेनं दुरुस्तीचा सल्लागार नेमला. तो सल्लागार म्हणजे तुम्ही. पाटबंधाऱ्यात जन्म घालवून निवृत्त झालेले, साक्रीकडचे, पायजमा वर खोचून साइटवर येणारे आणि कलेक्टरशीसुद्धा अहिराणीत बोलणारे. पहिल्या दिवशी मी तुम्हाला ड्रायव्हर समजले होते. ते तुम्हाला कळलं होतं, हेही मला माहीत आहे, कारण पुढे महिनाभर तुम्ही मला गाडीचं दार उघडून देत होता.

करार छोटा होता. दगड बसवा, व्हॉल्व्ह बदला, नकाशे द्या. मार्चअखेरची ती सकाळ मला पूर्ण आठवते. मोजणी संपली, आपण पाळीच्या मागे उतरलो आणि सुपडूभाऊ नेहमीप्रमाणे केळ्यांची फणी घेऊन पुढे आले. धरणाच्या पायथ्याला लागून त्यांचा दीड एकर केळीचा बाग. नगरपालिकेतलं कोणीही धरणावर गेलं की त्या बागेतली केळी खाऊनच परत यायचं, तशी रीतच पडली होती. तुम्ही तीन खाल्ली. "भू गोड शेतस," म्हणालात. मग बागेत शिरलात आणि किल्ली पडल्यासारखे वाकून जमीन धुंडाळायला लागलात. या ओळीतून त्या ओळीत, पाचट पायानं सारत.

"काय हरवलं, नाना?" मी विचारलं.

"नयी," तुम्ही म्हणालात. नळी. "ठिबकनी नयी कथी शे?"

सुपडूभाऊ अभिमानानं म्हणाले, "आमच्या बागाले पाणी लागत नाही, साहेब. बांधावर देवी हाये ना, ते पाजते. बारा वरीस झाले, मोटर गंजून गेली."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी हसत होते, नाना. कारण ही गोष्ट मला सहा वर्षांपासून ठाऊक होती. ऑफिसात नवा माणूस आला की मीच त्याला कौतुकानं सांगायची, सुपडूभाऊंच्या बागेला देवी पाणी घालते म्हणून. देवीला आम्ही दर चैत्रात नारळसुद्धा फोडायचो, पाणीपुरवठा विभागातर्फे. जळगाव जिल्ह्यात केळीवाल्याच्या घरात जन्मलेली मुलगी मी. उन्हाळ्यात ठिबक एक दिवस बंद पडलं तर आमच्याकडे घरातली माणसं एकमेकांशी धड बोलत नसत. आणि मला धरणाच्या पायथ्याशी, बिनपाण्याचा, हिरवागार केळीचा बाग दिसत होता आणि माझ्या डोक्यात काहीच येत नव्हतं. केळी मात्र खात होते.

तुम्ही सुपडूभाऊंचं फावडं घेतलंत आणि मोरीच्या बाजूला हातभर खड्डा केलात. आपण बांधावर बसलो. तुम्ही डबा उघडलात, कळण्याची भाकरी आणि ठेचा. अर्धी भाकरी मला दिलीत. ती संपेपर्यंत खड्ड्यात पाणी साचलं होतं. तुम्ही ते चहाच्या काचेच्या ग्लासात घेतलंत आणि दगडावर ठेवून दिलंत. थोड्या वेळानं ग्लासच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा नाही, पण नखाएवढा गाळ बसला. बारीक, पिवळसर.

"पोरी," तुम्ही म्हणालात, "धरन थोडं पाझरसच. पानी साफ ऊनं तर घाबरानं नही. पन हाई माती शे. हाई पाळना पोटमाईन ई रायनी."

पाळीच्या खाली बाग. बागेच्या खाली ओढा. ओढ्याच्या काठी वस्ती, शाळा, बाजाराचं मैदान. माती आतून निघून जात असेल तर पाळ एक दिवस आतून पोकळ होते, आणि तो दिवस बहुधा धरण भरलेलं असतानाच येतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ग्लासात पहिल्यांदा दिसलं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं सरळ होतं. दगड आणि व्हॉल्व्ह राहू देत बाजूला. आधी पाळीवर बोअर घेऊन आतली माती तपासायची, पायथ्याला वाळू-खडीचा गाळणीथर द्यायचा, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल, पाझर मोजायला चरी काढायची आणि यंदा पावसाळ्यात धरण पूर्ण भरू द्यायचं नाही. म्हणजे करार दुप्पट-तिप्पट वाढवायचा. म्हणजे गावाला वर्षभर चौथ्या दिवशी पाणी. आणि हे सर्वसाधारण सभेत मांडायचं कोणी? मी.

"नाना, हे करारात नाही," मी म्हटलं. त्या पंधरवड्यात मी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल! शेवटी तुम्ही वैतागून विचारलंत, "धरनले करार वाचता येस का वं?"

मला काय बोचत होतं ते तुम्ही ओळखलंत, पण बोलला नाहीत. दर पावसाळ्याआधी धरणाच्या तपासणीचा अहवाल जायचा. त्यात एक रकाना होता, 'पायथ्याशी पाझर'. सहा वर्षं मी त्यापुढे लिहिलं होतं, 'आढळला नाही'. सहा अहवाल, सहा सह्या, माझ्या. त्यातले दोन तर मी त्या बागेतच बसून, केळं खात भरले होते.

म्हणून मी तुमच्याकडे एक मागणं घेऊन आले. धुळ्याला, तुमच्या घरी, फाइल घेऊन. म्हटलं, "नाना, तुमच्या अहवालात फक्त एवढं लिहा की पाझर नुकताच सुरू झालेला दिसतो. बाकी तुम्ही म्हणाल ते काम मी मंजूर करून घेते." मला तेव्हा हा रास्त सौदा वाटला होता. धरणही वाचणार होतं, मीही.

तुम्ही चष्मा काढलात. "बाग बारा वरीसना शे," म्हणालात. "नुकता कसा लिखू?"

"एका शब्दानं काय बिघडतं?"

"मना काही बिघडाव नही. तुनं बिघडी."

मी फाइल उचलली आणि चहा न घेता निघाले. काकू मागून हाका मारत होत्या. आठ दिवस मी तुमचा फोन घेतला नाही. तुम्ही रोज एक फोन करत होतात, सकाळी, आणि वाजू देत होतात. त्या आठ दिवसांत मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते आता सांगत नाही. तुम्ही गेलात म्हणून तुमची सगळीच सुटका करायची नाही मला, तेव्हाचा रागही खरा होता. तुमचं काय जात होतं? तुमची पेन्शन सुरू होती. नोकरी माझी होती.

आणि एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नाही. सभेच्या दिवशी माझ्या पर्समध्ये बदलीचा अर्ज होता. लिहिलेला, सही केलेला. सभेत गप्प बसायचं, करार आहे तेवढाच राहू द्यायचा आणि पावसाळ्याआधी दुसऱ्या गावी निघून जायचं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. धरण फुटलं तर कोणा दुसऱ्याच्या सहीखाली फुटलं असतं. इतकी खाली उतरले होते मी, नाना. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, याची मला आजही कल्पना करवत नाही.

त्या सकाळी घरातून निघाले ती मात्र ऑफिसात न जाता सुपडूभाऊंकडे गेले. का, ते मलाही सांगता येणार नाही. केळीखाली जरा वेळ बसले. मग त्यांना म्हटलं, "भाऊ, दोन पिकलेले घड द्या. सभेला न्यायचेत."

त्या सभेची गोष्ट तुम्ही पुढे इतक्या लोकांना इतक्या प्रकारे सांगितलीत की खरं काय घडलं ते एकदा लिहून ठेवायला हवं. चहाबरोबर केळी वाटली ती शिपायानं, मी नाही. मी टेबलावर चढले वगैरे नव्हते. 'धरण दुरुस्तीच्या कामात वाढ करणे' हा विषय आला तेव्हा निम्म्या सदस्यांच्या हातात केळी होती. एक जण उठून म्हणाले, "सल्लागाराले काम वाढवून पाह्यजे, दुसरं काय?" सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कोपऱ्यात बसला होतात आणि जन्मात पहिल्यांदा गप्प होतात. मला तेव्हा कळलं की तुम्ही बोलणारच नाही आहात. तुम्ही ते माझ्यासाठी ठेवलंय.

मी उभी राहिले. मी विचारलं, "आपण खाताय ती केळी कुठली आहेत, माहीत आहे ना?" "सुपडूभाऊची!" चार-पाच आवाज आले. "त्यांच्या बागेत कोण कोण जाऊन आलंय?" हात वर झाले. जवळजवळ सगळेच. नगराध्यक्षा अक्कांचासुद्धा. "तिथं ठिबकची नळी कोणी पाहिली?"

केळीच्या मुलखातली माणसं ती. सांगावं लागलं नाही. एकेक हात खाली येताना मी बघत होते. मग मी म्हटलं, "मीही पाहिली नाही. सहा वर्षं मी ही केळी खाल्ली आणि सहा वर्षं अहवालात लिहिलं, पाझर आढळला नाही. ते चूक होतं. ते पाणी धरणाचं आहे आणि आता त्यातून माती येतेय."

अक्कांनी हातातल्या अर्ध्या केळ्याकडे बघितलं. "म्हंजे आपण बठ्ठे आजपर्यंत धरण खात होतो?" म्हणाल्या. सगळ्यांना हसू फुटलं. मघाचे ते सदस्य पुन्हा उठले आणि मॅडमवर कारवाई काय, असं विचारू लागले. अक्का म्हणाल्या, "करू. पण मग केळं खाणाऱ्या बठ्ठ्यांवर करू. तुम्ही किती खाल्ले?" ते बसले. कामवाढीचा ठराव लिहिला गेला.

कारणे दाखवा नोटीस आलीच, ती यायलाच हवी होती. तुम्ही ती माझ्या टेबलावरून उचलून दोनदा वाचलीत, घडी केलीत आणि म्हणालात, "आते तू इंजिनेर झायी." बदलीचा अर्ज मी त्याच दिवशी फाडला. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात. काय फाडतेस विचारलंत, मी म्हटलं जुने कागद.

त्यानंतरचं वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं वर्ष. गाव चौथ्या दिवशी पाणी भरत होतं आणि मला शिव्या देत होतं, आणि तरी. रोज सकाळी तुम्ही यावलच्या लॉजवरून पहिल्या बसनं यायचात, वाटेत कंडक्टरला धरणाचा हालहवाल सांगत. पायथ्यावरून चपला हातात घेऊन चालायचात. मलाही काढायला लावल्यात. जमीन पायाला गार लागली की थांबायचं, खुंटी ठोकायची, हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नव्हतं. वाळू चाळणीतून जाताना तुम्ही मूठभर घेऊन तिची करकर ऐकायला कानाशी चोळायचात. ठेकेदाराला वाटायचं म्हातारा चक्रम आहे. एकदा त्यानं मातकट वाळू आणली तर तुम्ही ट्रकवर चढून बसलात आणि वाळू परत जाईपर्यंत उतरला नाहीत. दुपारचं जेवण मी तुम्हाला वर ट्रकमध्ये पोचवलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं तेव्हा आपण दोघं पायथ्याच्या चरीपाशी उभे होतो. पाणी येत होतं, बारीक, एका धारेत. तुम्ही ग्लास धरलात, उजेडात बघितलात, आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकलात. मी ओरडले. तुम्ही मिशा पुसल्यात.

एक भांडण मात्र आपलं मिटलंच नाही. काम झालं आणि सुपडूभाऊंचा बाग सुकू लागला. देवीनं हात आखडता घेतला. तुमचं म्हणणं, चरीचं पाणी ओढ्यात वाया जातं, ते त्यांच्या बागेत सोडा, बारा वर्षं त्यांनी नकळत आपल्याला खबर दिली आहे. माझं म्हणणं, नगरपालिकेचं पाणी एका माणसाच्या शेतात सोडता येत नाही, उद्या शंभर जण येतील. दर रविवारी फोन करून चरीची बादली किती वेळात भरली ते विचारायचात आणि लगेच पुढचा प्रश्न, "सुपडूभाऊना पानीनं काय झायं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. सुपडूभाऊंनी मोटर नवी घेतली, ठिबक केलं, आणि तुमच्याशी किंवा माझ्याशी वाकडं बोलले नाहीत. केळ्याला पहिली गोडी राहिली नाही, एवढं मात्र ते म्हणतात. नाना, माझं म्हणणं अजूनही बरोबर आहे असं मला वाटतं. आणि तुमचंही. दोन्ही कसं बरोबर असू शकतं हे तुम्ही असतात तर भांडून ठरवलं असतं. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते, आणि तुमच्या बाजूनं बोलताना मला अहिराणी येत नाही म्हणून तुम्ही हरता.

तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही विषय बदलला असता. आज विषय बदलायला तुम्ही नाही, म्हणून सांगते. तुम्ही तो एक शब्द लिहिला असतात तर मी तुम्हाला फार चांगला माणूस समजले असते आणि आयुष्यभर तुमच्याकडे बघायचं टाळलं असतं. तुम्ही लिहिला नाहीत म्हणून मला एक म्हातारा मित्र मिळाला. रडू येतं ते त्यासाठी. बाकी तुमच्या आठवणीनं मला हसूच येतं, आणि काकू म्हणाल्या की तसंच येऊ दे.

धुळ्याहून परत आले आणि काल यंदाची तपासणी केली. पाळीच्या डाव्या टोकाला, जिथं आपण कधी काही केलं नव्हतं, तिथं हिरव्या गवताचा एक पट्टा आहे. बाकी सगळं वाळून कोळ झालंय आणि तेवढंच हिरवं. खोलीएवढी जागा. फोन हातात होता, आणि कोणाला लावणार होते ते आठवून खाली ठेवला.

मग तिथंच दगडावर बसून रकाना भरला. 'डाव्या टोकाला ओल आढळली. किती दिवसांपासून आहे, सांगता येत नाही. मागील वर्षी माझ्याकडून पाहायचे राहून गेले असण्याची शक्यता आहे. कारण अद्याप कळलेले नाही. कराराबाहेरचे काम लागू शकते.' सही केली.

मुख्याधिकारी नवे आहेत, तरुण आहेत. त्यांनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं स्वतःविरुद्ध कोण लिहितं? आणि हे बघायला आता बोलवायचं कोणाला?"

मी म्हटलं, "सल्लागार नेमू, साहेब. पण आधी मी स्वतः खणून बघते."